डोंगरमळ्यातील सिराह गोव्याच्या घरात: निवड, साठवण आणि वाढप

गोव्यात वाईन नवी नाही. नाताळात शेजारच्या घरून केकसोबत येणारा गोड पोर्ट वाईनचा छोटा पेला आणि लग्नातल्या टोस्टचा ग्लास आमच्या हिंदू घरांनाही पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. मात्र कोरडी म्हणजे गोडवा नसलेली, तुरट, मिरीच्या वासाची आणि ओकच्या पिंपात वर्ष-दीड वर्ष मुरलेली सिराह हे वेगळे प्रकरण आहे. तिला पोर्टसारखे फ्रीजच्या दारात महिनोन् महिने ठेवता येत नाही, व्हिस्कीसारखा तिच्यात बर्फ टाकता येत नाही, आणि पुस्तकात ‘रूम टेंपरेचर’ लिहिले आहे म्हणून मे महिन्यात फोंड्याच्या घरात ती टेबलावरून थेट ओतताही येत नाही. गोव्यात अशा वाईनचे जे नुकसान होते, त्यातील बहुतांश उष्म्याने होते आणि ते टाळण्याचे उपाय साधे, घरगुती आहेत. या लेखात बाटली निवडण्यापासून उरलेली वाईन ठेवण्यापर्यंतचा क्रम त्याच अंगाने मांडला आहे.

बाटलीत काय असते

सिराह आणि शिराझ ही एकाच काळ्या द्राक्षवाणाची दोन नावे आहेत. इराणमधील शिराझ शहरातून हा वाण आला ही कथा ऐकायला गोड असली तरी खरी नाही. १९९८ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस विद्यापीठ आणि फ्रान्समधील माँपेलिए येथील संशोधकांनी डीएनए तपासून दाखवले की दुरेझा आणि माँद्यूझ ब्लांश या आग्नेय फ्रान्समधल्या दोन वाणांच्या संकरातून तो जन्मला. त्याचे मूळ घर म्हणजे ऱ्होन नदीच्या उत्तर खोऱ्यातील एर्मिताज, कोत-रोती आणि कोर्नास यांचे चढणीचे उतार. डोंगर म्हणूनच या वाणाला परका नाही.

उंचीचा परिणाम समजून घेण्यासाठी फ्रान्सला जाण्याची गरज नाही. साखळीहून चोर्ला घाटाने वर गेले की, घामाने चिकटलेला सदरा अंगावर गार लागू लागतो. दर हजार मीटर उंचीमागे हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते आणि अतिनील किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. गारव्यामुळे द्राक्ष सावकाश पिकते, रात्रीच्या थंडीने त्यातील आंबटपणा टिकतो, आणि प्रखर उन्हापासून स्वतःला जपण्यासाठी त्याची साल रंगद्रव्यांनी व टॅनिनने (तुरटपणा देणाऱ्या द्रव्याने) दाट होते. चिलीच्या एल्की खोऱ्यात सिराहचे मळे २००० मीटरच्या आसपास चढले आहेत. आपल्याकडे नाशिकचे पठार ६०० मीटरच्या जवळपास आहे, तर बंगळूरजवळील नंदी टेकड्यांच्या परिसरातील मळे ९०० मीटरच्या आगेमागे आहेत. युरोपच्या हिशेबाने या काही फार मोठ्या उंच्या नव्हेत. मात्र आपला द्राक्षबागायतदार एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची गोड्या बहराची छाटणी अशा दोन छाटण्या करून पीक हिवाळ्यात पिकवतो, आणि नाशिकच्या जानेवारीतील थंड रात्रींकडून उंचीची काही उणीव भरून काढतो.

सिराहची ओळख म्हणून सांगितला जाणारा मिरीचा वास ही लाक्षणिक उपमा नाही. रोटुंडोन नावाचे जे द्रव्य काळ्या मिरीला तिचा वास देते तेच सिराहच्या सालीत असते, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केले. गार मळ्यांत ते अधिक साठते, त्यामुळे डोंगरावरची सिराह सहसा जास्त ‘मिरमिरीत’ असते. गंमत अशी की पाचांतील साधारण एका माणसाला हा वास येतच नाही. त्यामुळे घरातील कोणी ‘कसली मिरी, मला तर काही लागत नाही’ म्हणाले, तर त्यांच्याशी वाद घालू नये.

आता ओक. फेणीला आपण परंपरेने काचेच्या मोठ्या गराफांवात ठेवतो, तिला लाकडाचा रंग किंवा वास लागू देत नाही. त्यामुळे लाकडात मुरवणे म्हणजे काय, हे आपल्या जिभेला थोडे नवखे असते. ओकचे पिंप दोन कामे करते. एक म्हणजे लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांतून आणि फळ्यांच्या सांध्यांतून अत्यंत सावकाश हवा आत जाते आणि वाईनमधील टॅनिन मऊ होत जाते. दुसरे म्हणजे लाकूड स्वतःचे वास देते: व्हॅनिलाचा व्हॅनिलिन, लवंगेचा युजेनॉल, पिंप आतून भाजल्यामुळे येणारा धुराचा वास, आणि ओक लॅक्टोनमुळे येणारा नारळाचा वास, जो अमेरिकी ओकमध्ये फ्रेंच ओकपेक्षा ठळक असतो. नवे पिंप हे वास भरपूर देते, आणि तीन-चार वर्षे वापरलेले पिंप जवळजवळ फक्त हवा देण्याचे काम करते. पिंप जितके लहान तितका लाकडाचा स्पर्श जास्त, म्हणून २२५ लिटरच्या पिंपातील आणि ६०० लिटरच्या पिंपातील एकच वाईन वेगवेगळी लागते.

दुकानात काय पाहावे

लेबलवर प्रथम साल, म्हणजे द्राक्षे तोडल्याचे वर्ष, पाहावे. पिंपात १२ ते १८ महिने राहिलेली सिराह बाजारात येईपर्यंत दोन-तीन वर्षांची झालेली असते, आणि पुढची चार-पाच वर्षे तिला सहज झेपतात. हा हिशेब अर्थातच थंड तळघराचा आहे. गोव्यातील दुकानाच्या फळीवर दोन उन्हाळे काढलेल्या बाटलीला तो लागू करू नये. म्हणून आपल्याकडे तुलनेने ताजे साल घेणे शहाणपणाचे.

त्यानंतर ओकविषयीचा मजकूर शब्दशः वाचावा. ‘फ्रेंच ओक पिंपात १४ महिने’ असे स्पष्ट लिहिले असेल तर उत्पादकाने काही सांगितले आहे. नुसते ‘ओकचा स्पर्श’ अशा धर्तीचे मोघम शब्द असतील, तर पिंपाऐवजी ओकच्या चकत्या किंवा फळ्या टाकीत सोडलेल्या असण्याची शक्यता धरावी. त्यात लबाडी नाही, पद्धत मान्यताप्राप्त आहे आणि स्वस्तही आहे, पण तिची किंमत पिंपाच्या भावाने देऊ नये. ‘रिझर्व्ह’ या शब्दाने तर मुळीच भुलू नये. स्पेनमध्ये ‘रेसेर्वा’ म्हणजे तांबड्या वाईनला किमान तीन वर्षे मुरवणे आणि त्यातील किमान एक वर्ष ओकमध्ये ठेवणे असा कायद्याचा अर्थ आहे. अमेरिका व ऑस्ट्रेलियात हाच शब्द कोणीही छापू शकतो. मद्यार्काचे प्रमाण १३ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर मळा गार असण्याचा संभव वाढतो, तर १५ टक्के म्हणजे बहुधा भरपूर ऊन खाल्लेले द्राक्ष.

लेबलपेक्षाही महत्त्वाची आहे ती बाटलीची तब्येत. ती उजेडात धरून मानेतील वाईनची पातळी पाहावी. शेजारच्या त्याच वाईनच्या बाटल्यांहून ती लक्षणीय खाली असेल, तर वाईन गळली आहे. बूच तोंडाच्या वर उचलले गेले असेल किंवा वेष्टनाखाली चिकट ओघळ हाताला लागत असेल, तर बाटली बहुधा तापली होती, कारण उष्म्याने वाईन फुगते आणि बुचाला बाहेर ढकलते. रस्त्याच्या बाजूच्या काचेत, पश्चिमेच्या उन्हात सजवून ठेवलेली बाटली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. मी एकदा किनारपट्टीवरील एका दुकानातून अशीच एक ‘सवलतीची’ बाटली आणली होती. उघडल्यावर तिला खिमटी झालेल्या मनुकांचा आणि करपलेल्या साखरेचा वास आला, आणि मिरीचा मागमूसही नव्हता. तेव्हापासून मी दुकानदाराला सरळ विचारतो की आतल्या खोलीत, खोक्यात ठेवलेली बाटली आहे का. बहुतेक दुकानदार काही न बोलता ती काढून देतात.

बाटली परदेशातून आणायची असेल, तर विमानाने येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंतचे मद्य शुल्काविना आणता येते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. गोव्यात मद्य विकत घेण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात.

घरी आणणे आणि साठवणे

दुकान ते घर हा टप्पा लोक विसरतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दुपारी लावलेल्या बंद गाडीत तापमान सहज ५० अंशांच्या वर जाते, आणि तेवढे दोन तास वाईनची वर्षभराची कमाई घालवायला पुरेसे असतात. वाईन शेवटी घ्यावी, गाडीच्या डिकीत नव्हे तर आत पायांपाशी ठेवावी, आणि वाटेत कोणाकडे चहाला थांबू नये. थांबायचेच असेल तर बाटली सोबत घेऊन आत जावे, यजमानांचा गैरसमज झाला तरी चालेल.

साठवणीसाठी आदर्श तापमान १२ ते १५ अंश असते. गोव्यात ते नैसर्गिकपणे कोठेही मिळत नाही. चिऱ्याच्या जाड भिंतींची जुनी घरे गार लागतात हे खरे, पण ‘गार लागणे’ म्हणजे २७-२८ अंश. महिन्याभरात पिण्याची बाटली अशा घरात उत्तरेकडील कोठीत, जमिनीलगत, अंधारात आडवी ठेवल्यास फारसे बिघडत नाही. त्याहून अधिक काळ ठेवायची असेल, तर लहानसा वाईन फ्रीज घ्यावा, किंवा नेहमीच्या फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्यात बाटली ठेवावी. फ्रीज वाईनसाठी जरा जास्तच थंड व कोरडा असतो, त्यामुळे वर्षानुवर्षे ठेवण्याने बूच सुकण्याची भीती असते, पण सहा-आठ महिन्यांनी काही बिघडत नाही. अति थंडी आणि अति उष्मा यांतून एक निवडायचे झाले, तर गोवेकराने डोळे मिटून थंडी निवडावी. स्वयंपाकघरातील गॅसच्या वरचे कपाट, देवघराच्या मागचा कोनाडा जेथे समई सतत तेवते, आणि इन्व्हर्टरच्या शेजारची फळी या तीन जागा मात्र पूर्णपणे वर्ज्य. पावसाळ्यातील दमट हवा वाईनला मारत नाही, उलट बूच ओले ठेवते. फक्त लेबलला बुरशी येते, म्हणून सालाची नोंद खडूने बाटलीच्या बुडावर करून ठेवावी. स्क्रू-कॅपची बाटली उभी ठेवली तरी हरकत नाही.

तापमान: सारी मेख येथे आहे

‘तांबडी वाईन घरच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला यंत्राने तापवलेल्या खोल्या येण्यापूर्वीच्या युरोपातला आहे, जेथे घरे १६-१७ अंशांवर असत. गोव्यातील घराला तो लावला तर आपण ३० अंशांची सिराह पितो. त्या तापमानाला मद्यार्क नाकात झोंबतो, फळाचा वास मुरंब्यासारखा शिजका वाटतो, आणि ओकचा व्हॅनिला सर्दीच्या औषधासारखा पुढे येतो. उलट थेट फ्रीजमधून काढून चार-पाच अंशांना प्यायली, तर वास गप्प होतात आणि टॅनिन इतके कडक लागते की न पिकलेल्या काजूच्या बोंडाने घसा धरल्याचा अनुभव येतो. ओकमध्ये मुरलेल्या सिराहला १५ ते १७ अंश मानवतात.

ते साधण्याचे दोन मार्ग आहेत. खोलीतील बाटली साधारण दोन तास फ्रीजमध्ये ठेवावी. किंवा पाहुणे दारात उभे असतील, तर बादलीत निम्मे पाणी आणि निम्मा बर्फ घेऊन त्यात बाटली मानेपर्यंत १० ते १२ मिनिटे बुडवावी. नुसत्या बर्फापेक्षा पाणी मिसळलेला बर्फ लवकर काम करतो, कारण पाणी बाटलीला सगळीकडून भिडते. बाटली आधीपासून फ्रीजमध्येच असेल, तर उलट हिशेब करावा: बाहेर काढून गोव्याच्या हवेत साधारण तासाभराने उघडावी. स्वयंपाकघरात वापरायचा लहान डिजिटल थर्मामीटर पहिल्या चार-पाच वेळी वापरून पाहावा. एकदा हाताला १६ अंशांच्या काचेचा गारवा कळला की पुढे त्याची गरज राहत नाही.

ओतल्यानंतरही लढाई संपत नाही. बाल्कांवात (घरापुढच्या ओट्यावर) बसून पीत असाल, तर पंधरा-वीस मिनिटांत पेल्यातील वाईन काही अंशांनी चढते. म्हणून पेला मोठा असला तरी एका वेळी ७५ ते १०० मिलिलिटरच ओतावी आणि बाटली पुन्हा गार पाण्यात ठेवावी. सुरुवातीला १४ अंशांवर ओतली तर शेवटचा घोट १८ अंशांवर येतो, आणि या प्रवासात वास कसे उलगडत जातात हे पाहणे मला तरी मेजवानीतील सर्वांत रंजक भाग वाटतो. पेल्यात बर्फ टाकणे टाळावे. बर्फ वितळला की त्याच्या पाण्याने सगळीच वाईन पातळ होते.

हवा देणे

तरुण सिराहला हवा लागते. हा वाण मुरताना प्राणवायूला भुकेला असतो, आणि बंद बाटलीतून निघताना तिला कधी कधी रबराचा, विझलेल्या काडीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा वास येतो. हा दोष बहुधा तात्पुरता असतो आणि हवेने जातो. पाच वर्षांच्या आतील बाटली पिण्यापूर्वी तासभर डिकँटरमध्ये (रुंद बुडाच्या काचेच्या सुरईत) काढावी असा सर्वसाधारण नियम आहे, परंतु गोव्यात त्या तासाभरात वाईन पुन्हा ३० अंशांकडे जाते. यावर तोडगा असा: वाईन रुंद तोंडाच्या काचेच्या जगमध्ये जोराने ओतावी, रिकामी बाटली साध्या पाण्याने विसळून निथळू द्यावी, दहा मिनिटांनी नरसाळ्याने वाईन पुन्हा बाटलीत भरावी आणि बूच लावून बाटली फ्रीजमध्ये ठेवावी. दोनदा ओतल्याने पुरेशी हवा मिसळते. उघडा जगच फ्रीजमध्ये ठेवू नये, कारण त्याच फ्रीजमध्ये मसाला लावलेले बांगडे असतील तर वाईनला कोणता वास लागेल हे सांगायला नको. पितळी किंवा तांब्याची भांडीही वापरू नयेत.

आठ-दहा वर्षांच्या बाटलीत तळाशी साका बसलेला असतो. ती आदल्या दिवशी उभी करून ठेवावी आणि मानेखाली मोबाइलचा दिवा धरून एका संथ धारेत ओतावी. साका मानेपर्यंत आला की थांबावे. अशा वाईनला तासभर हवा देऊ नये, तिचे जे नाजूक वास उरलेले असतात ते उडून जातात.

चाखताना

पेला न हलवता पहिला वास घ्यावा, मग हलवून दुसरा. पहिल्यात वरचे, उडते वास येतात: मिरी, कधी जांभळ्या फुलांचा वास. दुसऱ्यात खालचे: जांभूळ-करवंदांसारखे काळे फळ, खारवलेले ऑलिव्ह, धुरावर धरलेले मांस, आणि त्यानंतर ओकची लवंग व व्हॅनिला. फळ आधी आणि लाकूड नंतर आले तर वाईन तोलात आहे. पहिल्याच श्वासात फर्निचरच्या दुकानात शिरल्यासारखे वाटले तर ओक जास्त झाला आहे, आणि तो कितीही महाग असला तरी दोषच आहे. कुळागरातील मिरी घरात असल्यास चार दाणे ताजे कुटून बशीत ठेवावेत आणि आळीपाळीने वास घ्यावा. रोटुंडोन ओळखण्याचा याहून सोपा पाठ मला ठाऊक नाही.

दमट पुठ्ठ्याचा किंवा पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटाचा वास आला तर तो बुचाचा दोष असतो आणि हवेने जात नाही. गोव्यात आपले नाक या वासाला इतके सरावलेले असते की तो वाईनचा आहे की खोलीचा, हे ठरवण्यासाठी पेला घेऊन अंगणात जावे लागते.

ताटात काय असावे

येथे माझे मत थोडे आग्रही आहे. माशाच्या हुमणासोबत (आंबट-तिखट कालवणासोबत) ही वाईन घेऊ नये. वाईनमधील लोह आणि माशातील मेद यांच्या संयोगाने तोंडात उग्र, माशाच्या वासाची चव राहते. २००९ साली जपानी संशोधकांनी हे प्रयोगाने दाखवले, पण ज्याने तळलेल्या बांगड्यावर तुरट तांबडी वाईन प्यायली आहे त्याला प्रयोगाची गरज नाही. त्यातच सोलांचा आंबटपणा वाईनला सपाट करतो आणि मिरचीचा जाळ मद्यार्काने दुप्पट होतो. हुमणासाठी हुर्राक (काजूच्या बोंडांची हलकी दारू) किंवा साधे ताक बरे.

याउलट मटणाची शागुती जणू या वाईनसाठीच घडली आहे. भाजलेल्या खोबऱ्याचा गोडसर कडूपणा ओकच्या भाजलेपणाशी जुळतो, मसाल्यातील लवंग आणि मिरी वाईनमध्ये आधीपासूनच हजर असतात, आणि मटणाची चरबी व प्रथिने टॅनिनची धार बोथट करतात. फक्त तिखट नेहमीच्या दोन-तृतीयांश ठेवावे आणि शेवटी लिंबू पिळू नये. चोरीस (गोव्याचे डुकराच्या मांसाचे सॉसेज) भाताबरोबर चालते, पावाबरोबर एकटी असेल तर व्हिनेगर आणि मिरची वाईनवर मात करतात. सोरपोतेल (डुकराच्या मांसाचा आंबट मसालेदार रस्सा) मुरलेले, तिसऱ्या दिवसाचे असेल तर जरूर, ताजे असेल तर नको.

शाकाहारी ताटासाठी जुलै-ऑगस्टमधील अळमी हा सर्वोत्तम पर्याय आहे. रानातल्या या अळंब्यांचे भाजलेल्या खोबऱ्यातील तोंडाक (रस्सा) सिराहच्या मातकट, धुरकट बाजूला जसे उजाळा देते तसे दुसरे काही देत नाही. ती मिळतात थोडे दिवस आणि महाग, म्हणून बाटली तेव्हासाठी राखून ठेवावी. इतर वेळी काळ्या वाटाण्यांचे तोंडाक, निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचे भरीत किंवा नीरफणसाची रव्यात तळलेली कापे घ्यावीत. खतखत्यात तेफळ आणि गूळ असल्यामुळे ते मी टाळतो. मणगण्यासारख्या गोड पदार्थांपुढे तर ही वाईन आंबट आणि रागावलेली वाटते, गोड येण्यापूर्वी पेले उचलून न्यावेत.

उरलेली वाईन

एका बाटलीतून साधारण पाच पेले होतात, त्यामुळे दोघांच्या घरात ती एका बैठकीत संपवण्याचा हट्ट नको. १४ टक्के मद्यार्काची वाईन बियरच्या वेगाने पिण्यासारखी नसते, आणि कायद्याने वाहन चालवताना रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क चालत नाही. ही मर्यादा बरीच खालची आहे. उरणार असे दिसणारी वाईन जेवण सुरू होण्यापूर्वीच स्वच्छ, लहान बाटलीत तोंडापर्यंत भरून झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवल्यास तीन ते चार दिवस चांगली राहते. अर्ध्या रिकाम्या मूळ बाटलीत ती दोन दिवसांत कोमेजते. दुसऱ्या दिवशीची सिराह अनेकदा पहिल्या दिवसाहून मऊ लागते, विशेषतः ती तरुण असेल तर. पाचव्या दिवशी मात्र ती मटणाच्या रश्श्यात घालावी. चुलीवर रस्सा उकळत असताना अर्धी वाटी घालून दहा मिनिटे झाकण काढून ठेवावे, म्हणजे मद्यार्काचा उग्रपणा निघून जातो.